आईच्या झग्यातली राजकन्या : २०१५ चा ‘सिंड्रेला’

सर्वांना तोंडपाठ असलेल्या परीकथेवर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाला ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेचा आधार मिळत नाही. भोपळ्याचा रथ होणार, बाराचे टोले पडणार, बूट मागे राहणार, हे दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असते. केनेथ ब्रॅना यांनी दिग्दर्शित केलेला, मार्च २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला डिस्नेचा ‘सिंड्रेला’ ही अडचण न बिचकता स्वीकारतो. कथेला उलटेपालटे करून दाखवण्याचा, जुन्या कथेची थट्टा करून आधुनिक ठरण्याचा मोह या चित्रपटाने पूर्णपणे टाळला आहे. त्याने कथा सरळ सांगितली आहे, मनापासून सांगितली आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत अधिक कापडातून सांगितली आहे. कोणत्या प्रसंगी कोणी काय नेसले आहे, ते कोणी फाडले, कोणी शिवले, याकडे लक्ष ठेवले तर या चित्रपटातले निम्मे संवाद ऐकले नाहीत तरी चालेल.

कापडाकडे माझे लक्ष जाते याला कारण आहे. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत मागावर पोट असलेली शेकडो घरे आहेत, आणि तशाच एका घरात मी वाढले. घरात बायका कांड्या भरत, पुरुष मागावर बसत, आणि साडी मागावरून उतरली की तिचा काठ सरळ आला आहे का, पदराजवळ धागा सुटला आहे का, हे उजेडात धरून पाहिल्याशिवाय कोणी तिची घडी घालत नसे. पडद्यावरचा भारी पोशाख पाहतानाही ही सवय सुटत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मराठी शाळेत शिकणाऱ्या पुतण्या आणि शेजारच्या कानडी शाळेतल्या त्यांच्या मैत्रिणी यांच्यासोबत हा चित्रपट घरच्या टीव्हीवर मी पुन्हा पाहिला. संवाद इंग्रजीत होते आणि अडेल तिथे मी मराठीत सांगत गेले. मात्र वर म्हटल्याप्रमाणे, सांगण्याची गरज वाटली त्यापेक्षा पुष्कळ कमी पडली.

पटकथा ख्रिस वाइट्झ यांची आहे आणि तिच्यामागे दोन वेगळ्या परंपरा उभ्या आहेत, हे समजून घेतले तर चित्रपट अधिक रंगतो. भोपळा, परी आणि काचेचा बूट हे सारे चार्ल्स पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या कथेतले आहे. डिस्नेचा १९५० चा कार्टूनपटही त्याच वाटेने गेला होता. ज्यांचा कथासंग्रह १८१२ पासून प्रसिद्ध होऊ लागला त्या जर्मन ग्रिम बंधूंच्या कथेत मात्र परीच नाही. तिथे मुलगी प्रवासाला निघालेल्या वडिलांकडे कपडे-दागिने न मागता, परतताना त्यांच्या टोपीला जी पहिली फांदी लागेल ती मागते, ती आईच्या थडग्यावर लावते, रडून रडून तिला पाणी घालते, आणि त्या झाडावरूनच पुढे तिला सोन्यारुप्याचा पोशाख मिळतो. म्हणजे पेरोच्या कथेत देणारी परी आहे आणि ग्रिमच्या कथेत देणारी मेलेली आई आहे. वाइट्झ यांनी फांदीचा प्रसंग ग्रिमकडून घेतला आहे. सावत्र बहिणी छत्री आणि लेस मागतात, एला, म्हणजे आपली सिंड्रेला, फांदी मागते. वडील परत येत नाहीत, नोकर ती फांदी घेऊन दारात उभा राहतो, आणि बाप गेल्याचे एलाला त्या फांदीवरूनच कळते. या ठिकाणी आमच्या खोलीतली कुजबुज थांबली. झाड मात्र चित्रपटात उगवत नाही. आईने द्यायचे ते देणे परीच्या हातून कसे पोहोचते, हा पटकथेपुढचा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर एका गुलाबी झग्यात आहे.

राजवाड्यातल्या नृत्यसमारंभासाठी एला आईचा जुना गुलाबी झगा पेटीतून काढते आणि स्वतःच्या हाताने, घरातल्या उंदरांच्या मदतीने, आपल्या मापाचा करून घेते. झगा साधा आहे, जुन्या पद्धतीचा आहे, आणि जिना उतरताना एलाच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो नव्या कपड्याचा नाही. आमच्याकडे आईच्या विरलेल्या इरकलीचे परकर-पोलके शिवले जाते, आणि तेही फाटले की तिची वाकळ होते. ते घालणाऱ्या मुलीला ते नवे वाटत नाही आणि तिला नवे नकोच असते. सावत्र आई या झग्याच्या खांद्याला हात घालते आणि तो फाडते. मग मुली आईचे अनुकरण करतात. कॅमेरा इथे फार जवळ जातो. शिवण उसवण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि एलाच्या अंगावर हात न टाकताही तिला मारल्यासारखे वाटते. कार्टूनपटात हाच प्रसंग दोघी बहिणींच्या भांडखोर ओरबाडण्याचा होता. इथे पहिला हात सावत्र आईचा आहे आणि तो थंडपणे पडतो. हा बदल लहान दिसतो, पण सगळा चित्रपट त्याच्यावर उभा आहे.

यानंतर परी येते. हेलेना बोनहॅम कार्टर यांनी ती थोडी विसराळू, थोडी घाईची रंगवली आहे. एला तिला सांगते की, हा झगा माझ्या आईचा होता, तो घालून गेले तर आईला बरोबर नेल्यासारखे होईल. परी तो टाकून दुसरा देत नाही. थोडासा सजवला तर आई रागावणार नाही ना, निळा केला तर चालेल ना, असे विचारून ती त्याच झग्याला गरगर फिरवते. म्हणून नृत्याच्या दालनात सगळ्यांचे डोळे ज्या निळ्या पोशाखावर खिळतात त्याच्या आत आईचा झगा आहे. पेरोची परी आणि ग्रिमची आई यांना एकाच कापडात आणून बसवण्याची ही युक्ती मला पटकथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

वेशभूषा सँडी पॉवेल यांची आहे आणि या कामासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटासाठीही त्या स्पर्धेत होत्या. निळ्या झग्याचा घेर प्रचंड आहे, पण तो जड दिसत नाही, कारण तो एका रंगाच्या एका जाड कापडाचा नाही. निळसर, जांभळट, हिरवट छटांचे अतिशय तलम थर एकावर एक आहेत आणि चालताना खालचा रंग वरच्यातून झिरपतो. आमच्याकडे ताण्याला एक रंग आणि बाण्याला दुसरा घातला की साडीला जी धूपछाव येते, ती इथे थरांतून साधली आहे. दालनातल्या इतर स्त्रिया गडद रंगांत, दागिन्यांत आणि पिसांत मढलेल्या आहेत. एलाच्या गळ्यात काहीही नाही, गळ्याच्या काठावर फक्त फुलपाखरे आहेत. गर्दीत ती उठून दिसते ती कमी असल्यामुळे, हे फार विचारपूर्वक केलेले आहे. नृत्यात राजपुत्र तिच्या कमरेवर हात ठेवतो तेव्हा ती घेते तो श्वास ऐकू येतो, मग घेर सुटतो आणि वळणागणिक थर उघडतात.

कमरेबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. चित्रपट आला तेव्हा एलाची भूमिका करणाऱ्या लिली जेम्सच्या अतिशय बारीक कमरेवरून बरीच चर्चा झाली. संगणकावर ती बारीक केलेली नाही, असे दिग्दर्शकाने सांगितले. कॉर्सेट, म्हणजे दोऱ्यांनी कमर आवळणारी घट्ट चोळी, आणि खालचा प्रचंड घेर यांचा तो परिणाम आहे. तसे असले तरी पाहणाऱ्या मुलीला हे कारण दिसत नाही, कमर दिसते. माझ्यासोबतच्या मुलींपैकी थोरलीने ताबडतोब स्वतःच्या पोटाकडे पाहिले. इतक्या जाणत्या वेशभूषाकाराने कॉर्सेटच्या दोऱ्या दोन बोटे सैल सोडल्या असत्या तर त्या झग्याचे काहीच बिघडले नसते.

काचेच्या बुटाविषयी प्रत्येक लहान मूल एक प्रश्न विचारते आणि बहुतेक मोठी माणसे त्याला उडवून लावतात : बारा वाजता सगळे पूर्ववत होते, तर बूटच का राहतो? या चित्रपटात त्याचे उत्तर आहे, पण ते इतक्या सहज येते की निसटून जाते. रथ भोपळ्यापासून, घोडे उंदरांपासून, हुजरे पालींपासून आणि गाडीवान बदकाच्या जातीच्या हंसापासून होतो, झगा आईच्या झग्यापासून होतो. म्हणजे या सगळ्या गोष्टी आधीच्या कशाच्या तरी बदललेल्या आहेत आणि म्हणून परत फिरतात. जुन्या चपलांकडे पाहून परी मात्र म्हणते की, त्या काढ, आता काहीतरी नवीनच करू. बूट कशापासूनही बदललेला नाही, म्हणून त्याला परत जायला जागाच नाही. प्रत्यक्षातला बूट स्वारोव्स्की कंपनीच्या स्फटिकाचा होता आणि तो घालून चालणे शक्यच नव्हते. लिली जेम्सने चामड्याचे बूट घालून काम केले आणि पडद्यावर ते संगणकाने काचेचे केले गेले.

आता सावत्र आईविषयी. केट ब्लँचेट यांची लेडी ट्रेमेन हा या चित्रपटाचा कणा आहे. ती प्रथम येते ती गडद हिरव्या, पिवळ्या, काळ्या रंगांत, भल्या मोठ्या टोपीखाली, चेहरा अर्धा झाकून. पॉवेल यांनी एकोणिसाव्या शतकातला काळ १९४० च्या दशकातल्या चित्रपटांच्या नजरेने पाहिला आहे आणि तो ठसा सर्वाधिक तिच्यावर आहे. घरात ती मेजवान्या सुरू करते, पत्ते खेळते, हसते. मग एका रात्री ती दाराआड उभी असते आणि नवरा आपल्या लेकीला सांगत असतो की, तुझी आई अजूनही या घराचा प्राण आहे, मलाही तिची आठवण येते. ब्लँचेट इथे एक शब्दही बोलत नाहीत. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा फोटो भिंतीवर, तिचे टाक देव्हाऱ्यात आणि तिची आठवण नवऱ्याच्या तोंडी पाहत संसार करायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घडलेले आहे, आणि त्या बाईच्या बाजूने आपल्या कहाण्यांनी फारसे काही सांगितलेले नाही. चित्रपट ते सांगतो, आणि तरीही तिला सोडत नाही. तिच्या दुःखामुळे तिचा दुष्टपणा समजतो, पण लहान होत नाही. नवरा गेल्यावर ती शोक बाजूला सारून आधी पैशांचा विचार करते, नोकरांना काढते, एलाला माळ्यावर पाठवते. त्यातली प्रत्येक पायरी हिशेबाची आहे, आणि दोन मुली पदरात असलेल्या, दुसऱ्यांदा विधवा झालेल्या बाईचा हिशेब कसा असतो हे ब्लँचेट यांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

माळ्यावरचा त्यांचा प्रसंग मी कितीही वेळा पाहीन. लपवलेला बूट तिला सापडला आहे. ती स्वतःचीच गोष्ट परीकथेच्या सुरात सांगते : एक सुंदर मुलगी होती, तिने प्रेमाने लग्न केले, तिला दोन मुली झाल्या, मग नवरा मेला, मग तिने मुलींसाठी दुसरे लग्न केले आणि तोही गेला. त्यानंतर ती सौदा मांडते. मी तुला राजवाड्यात पोहोचवते, तू मला तिथला कारभार दे. एला नकार देते, कारण वडिलांना ती वाचवू शकली नाही, निदान राजपुत्राला तरी ती या बाईच्या हाती देणार नाही. बूट भिंतीवर आपटून फुटतो. ‘तू इतकी निर्दय का आहेस’ या एलाच्या प्रश्नावर लेडी ट्रेमेन उत्तर सुरू करते, तू तरुण आहेस, निष्पाप आहेस, चांगली आहेस आणि मी... आणि तिथे तिचे वाक्य अडते. ते वाक्य पटकथेने पुरे केले असते तर सगळा प्रसंग फुकट गेला असता.

चित्रपटाचा कच्चा भाग याच्या शेजारीच आहे. एला हे घर सोडून का जात नाही? बाजारात भेटलेली जुनी मोलकरीण तिला हेच विचारते, आणि एला सांगते की आईवडील ज्या घरात सुखी होते ते जपण्याचे वचन मी दिले आहे. उत्तर खोटे नाही. तरी पुरेसेही नाही, कारण मधल्या काळात एला घर जपताना दिसत नाही, राबताना दिसते, आणि आईने दिलेली ‘धैर्य ठेव, दयाळू राहा’ ही शिकवण ती इतक्यांदा उच्चारते की त्यातले धैर्य मागे पडून सोसणेच पुढे येते. या ठिकाणी मला आपल्याच भागातली कानडी हंची आठवली. १९५० च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवणारे ए. के. रामानुजन यांनी उत्तर कर्नाटकात गोळा केलेल्या लोककथांत ही सोनेरी केसांची मुलगी आहे. घरात धोका आहे हे कळताच ती घर सोडते, आई तिला मातीचा मुखवटा देते, तो चढवून ती एका सावकाराकडे स्वयंपाकीण म्हणून राहते आणि न्हाताना मुखवटा उतरवला असताना सावकाराच्या धाकट्या मुलाच्या नजरेस पडते. तिला परी भेटत नाही. पायांचे बळ आणि हातचा स्वयंपाक हीच तिची जादू. शेजारच्या मुलींना मी ही कथा सांगितली तेव्हा त्यातल्या एकीने एलापेक्षा हंची धीट आहे असा निकाल दिला, आणि मला तो मान्य आहे. एलाला चित्रपटाने एकदा तरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून मग विचारपूर्वक परत फिरू द्यायला हवे होते. ती रागाने घोडा दौडवत रानात जाते तेव्हा तसे घडेल असे वाटते. पण तिथे तिला शिकारीला आलेला राजपुत्र भेटतो आणि प्रश्न तसाच राहून जातो.

राजपुत्राकडे एरवी या कथेत नाव, चेहरा आणि नाचण्यापलीकडचे काम नसते. रिचर्ड मॅडन यांच्या किटला बाप दिला आहे, आणि त्या बापाच्या भूमिकेत डेरेक जॅकोबी आहेत. मरणाच्या दारातल्या राजाजवळ प्रौढ मुलगा अंथरुणात अंग मुडपून, लहान मुलासारखा पडतो, हा प्रसंग मोजक्या शब्दांत आटोपतो आणि किट व एला या दोघांनाही आईबाप गमावलेली माणसे म्हणून एका पातळीवर आणतो. शेक्सपिअरच्या नाटकांत ब्रॅना आणि जॅकोबी यांनी पूर्वी एकत्र काम केले आहे. तो मुरलेपणा इथे दिसतो. सरदार ड्यूकचे कारस्थान मात्र पडद्यावर वेळ खाते आणि त्यातून फारसे निष्पन्न होत नाही.

संगणकाने तयार केलेले उंदीर गोड आहेत, पण ते डोळ्यांना खोटे वाटत राहतात, विशेषतः खऱ्या लाकडी फळ्यांवरून पळताना. दान्ते फेरेत्ती यांचे नेपथ्य आणि हॅरिस झँबारलुकोस यांनी फिल्मवर केलेले चित्रण यांना एक खरी पोत आहे, म्हणून हा फरक अधिक जाणवतो. बारा वाजताची परतीची दौड याला अपवाद आहे : हुजऱ्यांच्या शेपट्या बाहेर येतात, गाडीवानाचे हात पंख होतात, रथाचे सोने भोपळ्याच्या गरात फुटते, आणि आमच्याकडच्या धाकट्या मुली उशीवर उभ्या राहून पाहत होत्या. सावत्र बहिणींना सदैव एकाच नमुन्याचे, वेगवेगळ्या रंगांचे कपडे दिले आहेत. त्या वेशभूषेइतका विचार त्यांच्या संवादांवर झालेला नाही. पॅट्रिक डॉयल यांचे संगीत नृत्याच्या प्रसंगी उत्तम, इतरत्र जरा जास्तच आग्रही आहे.

शेवटच्या भेटीत एलाच्या अंगावर निळा झगा नसतो. आईने शिकवलेले जुने बालगीत ती माळ्यावर गात असते, उंदरांनी उघडलेल्या खिडकीतून ते खाली पोहोचते, आणि ती घरकामाच्या साध्या कपड्यांत जिना उतरते. आपण जशा आहोत तशा पुरेशा ठरू का, ही भीती तिला आहे आणि चित्रपट ती लपवत नाही. श्रावणातली शुक्रवारची कहाणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना इथले मोल लगेच कळेल. जुनेरे नेसून जेवायला आलेल्या गरीब बहिणीला भाऊ पानावरून उठवतो. पुढे तिला वैभव आल्यावर तोच तिला आग्रहाने बोलावतो, तेव्हा ती शालजोडी आणि दागिने पाटावर ठेवून त्यांना घास भरवते, कारण आमंत्रण त्यांना आहे. त्या बहिणीला जे उत्तर द्यावे लागले ते एलाला द्यावे लागत नाही. ती विचारते, मला पालक नाहीत, हुंडा नाही, हा सुंदर बूट बसला की नाही तेही ठाऊक नाही, तरी मला स्वीकाराल का. आणि किट बूट पायात घालण्याआधीच उत्तर देऊन बसलेला असतो. इथे बूट पुरावा उरत नाही, केवळ रीत उरते.

घराबाहेर पडताना एला सावत्र आईला ‘मी तुला क्षमा केली’ एवढेच म्हणते. ग्रिमच्या कथेत कबुतरे बहिणींचे डोळे फोडतात, पेरोच्या कथेत त्यांची सरदारांशी लग्ने लागतात. इथे त्या तिघी ड्यूकसह राज्य सोडून जातात आणि पुन्हा येत नाहीत. आमच्या घरी यावर जोराचा वाद झाला. क्षमा फुकट दिली असे थोरलीचे मत होते. मला वाटते की ती फुकट नाही, कारण ती मागितलेली नसताना दिली आहे आणि ती घेताना ब्लँचेट यांचा चेहरा शिक्षा झाल्यासारखाच दिसतो. पण हे पटवून देण्यासाठी तो प्रसंग मुलींना थांबवून दाखवावा लागला.

चित्रपट १०५ मिनिटांचा आहे. आई आणि वडील दोघांचेही मृत्यू पहिल्या भागातच येतात, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांजवळ त्या वेळी कोणीतरी बसावे. आठ वर्षांपुढच्या मुलांना तो निर्धास्तपणे दाखवावा, इंग्रजी येत नसले तरी. आणि शक्य असेल तर मोबाईलवर न दाखवता मोठ्या पडद्यावर दाखवावा, कारण त्या झग्याचे थर तळहाताएवढ्या पडद्यावर मोजता येत नाहीत.